खाल्ल्या मिठाला

पहिली गोळी पांढरी होती.
ती घेऊन मी दहा आठवडे भिंतीकडे बघितलं.
पन्नास, मग शंभर, मग दीडशे.
भिंत तीच.
दुसरीने घाम आणला, तोंडाला कोरड आणली,
दोन-तीन सकाळी दाढी करायला लावली
आणि तिथेच थांबली,
चढावर गिअर सुटलेल्या ट्रकसारखी.

ट्रकचं मला कळतं.
अठरा वर्षं सालारच्या मिठागरातून
आन्तोफागास्ताच्या कारखान्यापर्यंत टँकर नेला.
आत खारं पाणी, वर्षभर उन्हात आटवलेलं,
तेलासारखं पिवळं, जड.
वळणावर ते आतल्या आत एका कुशीला होतं;
ते कळलं नाही तर गाडी दरीत.
हे कुणी शिकवत नाही. पाठीला कळतं.
मग एका नोव्हेंबरात पाठीला काहीच कळेना.
गाडी बाजूला लावून मी बसून राहिलो,
मागचे हॉर्न वाजवून वाजवून गेले.

भाऊ एफ्राइन म्हणाला,
दोन-दोन औषधं झाली, आता मन घट्ट कर.
मन घट्ट करायला
आधी ते हाताला लागावं लागतं, एफ्राइन.

डॉक्टर ओयार्सूननी फाईल मिटली नाही.
रोज घेता ना? खरं सांगा. (घेत होतो.)
पिता का? (सोडली होती.)
थायरॉइड बघितलं, झोप विचारली,
जगावंसं वाटत नाही का, तेही विचारलं,
टायरमधली हवा विचारावी इतक्या सरळ.
मी हो म्हणालो.
पहिल्यांदाच कुणाला तरी.
त्या गप्प राहिल्या, पण खुर्ची जवळ घेतली.
मग म्हणाल्या, दुसरी गोळी काढत नाही,
तिला जोडीदार देते. लिथियम.
एक प्रकारचं मीठच ते.

हसणं जमत असतं तर मी हसलो असतो.

किती टन वाहिलं असेल?
कुणाच्या फोनात गेलं, कुणाच्या मोटारीत.
आता माझ्या वाट्याला चिमूटभर,
रात्री, पाण्याबरोबर.

दर मंगळवारी यास्ना रक्त काढायची.
शेवटच्या गोळीला बारा तास झाले?
शून्य पूर्णांक चार. कमी आहे, म्हणायची,
आणि मला मिठागरावरचा फोरमन आठवायचा,
वाफ्यात काठी बुडवून बघणारा:
अजून नाही. राहू दे उन्हात.

पाणी भरपूर प्या, म्हणाली होती,
जेवणातलं मीठ एकदम तोडू नका.
मला कसलं मीठ नि कसलं जेवण.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी,
मी म्हणालो, सूप खारट झालंय.

ओरियानाचा चमचा हवेतच राहिला.
सात महिने समोर येईल ते मी गिळत होतो.
एकदा तिने मुद्दाम अळणी वाढलं होतं,
मी वाडगा पुसून ठेवला होता.
हे तिने आत्ता सांगितलं.
मग स्वतः चाखलं.
खारटच आहे की रे, म्हणाली,
आणि रडत रडत पातेल्यात पाणी ओतलं,
इतकं, की सूप वाया गेलं.
अंडी तळून खाल्ली.

बरा झालो असं नाही.
कप धरताना बोटं किंचित थरथरतात.
टँकरची किल्ली अजून कंपनीच्या खिळ्यावर आहे.
काही रविवारी भिंत येते,
पण आता तिच्यावरची ओल दिसते, रंगाचा पोपडा दिसतो;
चुना आणायला हवा असं वाटतं.

पहाटे तीनला अजून कधी जाग येते.
समुद्राकडून धुकं चढत असतं,
टेकडीवरची कुत्री एकमेकांना हाका मारतात.
पूर्वी मी एकटाच जागा असायचो.
आता रक्तात कुठेतरी
शून्य पूर्णांक सातही जागं असतं.
अठरा वर्षं त्याला खड्ड्याखड्ड्यांतून जपून नेलं.
खाल्ल्या मिठाला माणसाने जागावं म्हणतात.
इथे मीठच जागतंय.

उद्या मंगळवार.
सैल बाहीचा शर्ट
खुर्चीवर काढून ठेवलाय.