वाटणी

दुकानातली बाई म्हणाली, एका वेतातल्या सख्ख्या बहिणी आहेत,
वेगळ्या नेल्या तर झुरतील.
झुरतील म्हणताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी मिटलेलं पाकीट पुन्हा उघडलं.
पावलोदार, फेब्रुवारी, उणे एकतीस.
कोटाच्या आत खोकं, खोक्यात दोन जिवंत अक्रोड,
आणि ट्राम काही येईना.

मुलींनी नावं दिली.
राखाडी, चिवट, वाळवलेल्या दह्याच्या गोळीसारखी ती कुर्त.
गोल, तेलात टाकल्यावर फुगलेली ती बौरसाक.
एक टब, एक चाक, एक वाटी.
तोगझान आणि मेरुएर्तही एकाच सोफ्यावर झोपतात,
मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

मे महिन्यात मध्यरात्री किंकाळी आली,
सुईच्या टोकाएवढी, पण भिंतीतून आरपार.
बौरसाक चाकात होती. पळत नव्हती,
नुसती बसलेली,
माणसं खुर्ची धरून बसतात तशी.
कुर्तच्या कानाला रक्त.
भुशावर तीन थेंब. मोजले मी,
नर्सचा हात आधी मोजतो, मग थरथरतो.

खालच्या मजल्यावरची रेनाता गुस्तावोव्ना,
जनावरांची डॉक्टर, गाऊनवरच वर आली.
म्हणाली, कुणाचं जमतं, कुणाचं नाही,
जमलेलंही एखाद्या रात्री मोडतं.
यात चूक कुणाचीच नाही. पण रक्त दिसलं ना,
आता पुन्हा एकत्र घालू नकोस.
समेट वगैरे तुमच्यात.

सकाळी माझे वडील चहा फुंकत होते.
त्यांचा जन्म माळावर गेला, मेंढ्यांमागे.
म्हणाले, ही जात माझ्या ओळखीची आहे,
हिवाळ्यात पांढरी होते.
पहाटे बर्फावर त्यांचे माग असायचे, टाके घातल्यासारखे,
एकमेकांना छेदून जाणारे.
जोडीनं चालल्याचे नाही पाहिले कधी.
मग कप खाली ठेवून,
एवढा माळ, आणि तू त्यांना टबात घातलंस.

तर वाटणी झाली.
वडिलांनी घोंगड्यांचा टब रिकामा केला,
तापल्या सुरीनं झाकण कापलं, जाळी तारेनं शिवली.
चाक कुणाचं, यावर मुली तासभर भांडल्या,
शेवटी दुसरं आणलं, पगार व्हायचा होता तरी.
भुसा वीतभर खोल, बीळ पाडता यावं म्हणून.
अंघोळीला वाळू, दोघींना वेगवेगळी.
मातीचं घर कुर्तला,
बौरसाकला फुटक्या किटलीचं पोट.
टब शेजारी नकोत, डॉक्टरीण बजावून गेली होती,
दिसल्या नाहीत तरी वासानं भांडतील.
म्हणून एक कपाटाशी, एक दाराशी.

मुली गालावर हात ठेवून
झुरण्याची वाट बघत बसल्या.
कुणी झुरलं नाही.
कुर्तनं गालात बिया कोंबून अकरा खेपा केल्या,
सगळा संसार एका कोपऱ्यात नेला
आणि आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर झोपली,
चारी पाय वर, पोट उघडं.
तोगझान चिडली. हिला तिची आठवणच येत नाही?
मला उत्तर माहीत नव्हतं, मी भोपळ्याच्या बिया सोलत राहिले.
मेरुएर्त काही बोलली नाही.
ती बराच वेळ त्या पोटाकडे बघत होती.

गुरुवारी रात्रपाळी करून आले,
तर बाल्कनीतली घडीची खाट स्वयंपाकघरात आलेली,
शेगडी आणि फ्रिजच्या मधे, जेमतेम मावलेली.
खाटेवर मेरुएर्त, पाठीवर, तोंड उघडं.
आतल्या खोलीत सोफ्यावर तोगझान,
अजून भिंतीला चिकटून, एका कडेला,
उरलेली जागा रिकामी ठेवून.

एक चाक फिरत होतं. ते थांबलं,
मग दुसरं सुरू झालं.
मी बूट हातात घेतले,
दिवा न लावता दोन्हीकडे पाणी भरलं.