खोलीत दुसरं कोणी आहे का?

मागच्या खेपेला माझा पाय दिसला होता.
कॅमेरा फिरवा, म्हणाला सान्तियागोतला पर्यवेक्षक,
आवाजावरून विशीतला, सर्दी झालेला पोरगा,
आणि सुनिल्दाने लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवली:
पिवळं हेल्मेट, कोकाच्या पानांची पुडी,
दोरीवरचे मोजे, खिडकीबाहेर
अर्धा कुरतडलेला तांब्याचा डोंगर,
आणि पलंगावर, पांघरुणाबाहेर, माझा डावा पाय.

खोलीत दुसरं कोणी आहे का?
झोपलीये, ती म्हणाली, रात्रपाळीची आहे, बेकरीत पाव करते.
नियम तो नियम. पेपर रद्द.
मी जागीच होते.
पाय ओढून घ्यायचं सुचलं नाही.

सुनिल्दा टँकर चालवते. धूळ बसावी म्हणून
सकाळी सातपासून खाणीच्या रस्त्यांवर पाणी मारत फिरते;
पुढच्या फेरीला मागचं वाळून गेलेलं असतं.
सात दिवस हे. सात दिवस घर. मग परत हे.
पन्नाशीला दोन वर्षं कमी,
आणि संख्याशास्त्राचा पहिला पेपर.

संध्याकाळी साडेसातला ती येते, भुवयांवर धूळ घेऊन.
एका कानात इयरफोन, दुसरा माझ्यासाठी मोकळा,
मी हाक मारलीच तर.
मी मारत नाही. नऊपर्यंतची झोप माझ्या हक्काची,
पण ती ओठांतल्या ओठांत घोकत बसते
आणि भिंतीकडे तोंड करून मीही शिकते, फी न भरता:
मध्य, मध्यक, बहुलक.
मध्य लबाड असतो, हे असंच कळलं.
मोठा इंजिनियर बेकरीत चहाला आला
की आम्हा सगळ्यांचा सरासरी पगार वाढतो;
कप ठेवून तो निघाला की उतरतो.
मध्यक बरा. सगळ्यांना ओळीत उभं करा,
जो बरोब्बर मधोमध येईल त्याला विचारा, कसं चाललंय.
एकदा रात्री दोनला मी अकरा पाव तोलले,
हलक्यापासून जडापर्यंत मांडले, सहावा उचलला.
सत्त्याण्णव ग्रॅम.
खाऊन टाकला.

आज दुसरी संधी. तिसरी नसते.
आठ ते दहा.
मी ब्लँकेट घेऊन बाहेर आले, दाराला पाठ लावून बसले.
नको ना एर्मिन्या, ती म्हणाली, तुझी झोप.
झोप काय, उद्याही येईल.

जाणारे-येणारे विचारतात, भांडलात की काय?
आत परीक्षा आहे, मी सांगते.
बेतान्सो वेल्डर दोन क्षण उभा राहतो,
मग बूट काढून हातात घेतो
आणि मोज्यांवर निघून जातो, एवढं मोठं धूड, मांजरासारखं.

पण आज मॅच आहे. सगळा कॅम्प
एकाच बारीक नळाला तोंड लावून बसलाय,
आणि त्याच नळावर सुनिल्दाचा पेपर.
मी उठले. तीन दारं वाजवली.
तिघांनी फोन बंद केले, एकाने तर कपाळाला हात लावून.
चौथा दार उघडून ओरडलाच:
या वयात कसली परीक्षा? माझे तीस पेसो तरी देईल का ती?
मीही ओरडले. काय ते लिहिण्यासारखं नाही.
कॉरिडॉर दणाणला.

आणि मग आमच्या दाराच्या फटीतून
तोच आवाज, अजून सर्दी न गेलेला:
खोलीत दुसरं कोणी आहे का?

बराच वेळ काही नाही.
नंतर लॅपटॉप उचलल्याची खुडबूड, खुर्ची सरकल्याची.
ती दाखवत असणार: हेल्मेट, पुडी, मोजे,
घडी घातलेलं माझं रिकामं अंथरूण.

नाही, सुनिल्दा म्हणाली. कोणी नाही.

दाराबाहेर, बंद दाराबाहेर,
मी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.