सात मिनिटं

बोंबलांच्या वलांडीमागे
जैबूनभाभीने थाळी आभाळाकडे कलती ठेवली,
वर नायलॉनचं फाटकं जाळं.
सुकी मासळी सिग्नल अडवत नाही, ओली अडवते,
हे तिनेच शोधलं.
शिपाई विचारतो तेही नाक धरून.
'म्हावरं सुकतंय, साहेब.'

वाडीचं नेट बंद, आज अकरावा दिवस.
खाडीवर ड्रोन घिरट्या घालतो.
एक घार त्याच्यावर झेपावते अधूनमधून,
तेवढीच आमच्या बाजूने.

रोज जागा वेगळी, वेळ वेगळी.
काल तारींच्या आगरात होती.
उद्याची मलाही सांगितलेली नाही.

सात मिनिटं.
मोजणीच्या दिवशीचा व्हिडिओ,
आणि इसाकचं नाव कुठल्याच यादीत नाही, एवढं.
साठ टक्क्यांवर अडकतं.
भाभी खाली बसून मांदेली उलटते,
उलटलेली पुन्हा उलटते.

गेलं.
बॅटरी तांदळाच्या डब्यात,
थाळी शेणींच्या ढिगात.

रात्री पुळणीवर मान वर केली.
ताऱ्यांमधून एक ठिपका सरळ चालत गेला,
न लुकलुकता.
आमचा की त्यांचा,
उजेडावरून ओळखता येईना.