दोन बोटांचा जोर

आर्णी रस्त्यावर, हिवराच्या झाडाखाली
उकंडराव बुलेट ढकलत आले तेव्हा
उन्हात पडलेला पाना हातात धरवत नव्हता.
"उतारावर पिसाटली बाप्पा.
एक्सिलेटर सोडला, तरी पळूनच राह्यली.
चाबी बंद केली म्हून वाचलो,
नाई तं रपट्यावरची म्हैसच घेतली असती."
म्हशीचं काय झालं, मी विचारलं.
"काय होते? पाहून राह्यली होती माह्याकडं.
हालली नाई."

पोलिसांच्या लिलावातली गाडी.
निळ्या रंगाखालून टाकीचा खाकी अजून डोकावतो,
जिथं खरचटतं तिथं जुनी नोकरी दिसते.
उकंडराव तीस वर्षं विजेच्या खांबावर चढले,
त्यांच्याही कोपरावर तशीच एक जागा आहे.

कॉक बंद केला. झाकण फिरवलं.
केबल, स्प्रिंग, आणि टोकाला लोंबणारी स्लाइड,
विहिरीतून बादली यावी तशी ओली.
पेट्रोलात धुतली, फडक्यानं पुसली,
तिच्याच घरात वरून सोडली:

टक.

हा आवाज बरोबर आला
की बाकी मला काही विचारू नका.
कचरा होता, म्हणालो. जा तुम्ही.
ते गेले,
आणि अर्ध्या तासानं पुन्हा ढकलत आले.
ऑइलच्या डब्यावर बसले. काही बोलले नाहीत.

मग केबल. आतल्या दोन तारा तुटलेल्या,
मिशीसारख्या बाहेर आलेल्या.
सापडलं! मी इतक्या जोरात ओरडलो
की पंक्चरवाल्या मोबीननं ट्यूब खाली ठेवली.
नवी केबल, दोन थेंब तेल. गेले.
आले.
"आता तं म्हैसही ओळखते मले."

तेव्हा कुठं डोक्यात आलं:
थंड असताना पडते, तापली की अडते.
बोटं भाजत तशीच गरम उघडली,
स्लाइड सोडली आणि कान लावला.
काहीच नाही.
अर्ध्यावर थांबलेली,
बोलता बोलता कुणी गप्प व्हावं तशी.
तिच्या एका कुशीवर नखाएवढी रेघ,
आरशासारखी घासलेली.

कार्बोरेटर काढला,
फुटक्या फोटोफ्रेमच्या काचेवर पालथा ठेवला
आणि बोटानं दाबला. डुलला.
इंजिनाला टेकणारं त्याचं तोंड
भाकरीच्या काठासारखं वर आलेलं,
आतलं गोल भोक अंड्याकडं निघालेलं.
हे दोन नट कुणी इतके आवळले?

पोळ्याच्या आदल्या दिवशी. मीच.
पान्याला हातभर पाइप लावून,
"आता बापजन्मात गळणार नाई," असं म्हणत.

काचेवर पॉलिश पेपर अंथरला,
तोंड घासत बसलो,
इंग्रजी आठाचा आकडा गिरवत, दुपार टळेपर्यंत.
गॅस्केट कापलं जुन्या लग्नपत्रिकेचं.
"आपले आगमन प्रार्थनीय"मधलं आगमन
नेमकं भोकात गेलं.
बसवताना पाना अगदी टोकाशी न धरता
डोक्याजवळ धरला, दोन बोटांत.
एक नट थोडा, मग दुसरा थोडा, मग पहिला.
जिथं बोटं थांबली तिथं मीही थांबलो.

"उकंडराव, हे माझ्याच हातचं होतं."
त्यांनी तंबाखू मळली. झटकली.
"माहीत आहे. पाइप लावला तवाच
नट कुरकुरला होता.
पोळ्याचे दीडशे वापस दे."

शंभर दिले. पन्नास केबलचे ठेवले.
त्यांनी मोजले, जरी नोट एकच होती.

मग किक. डग, डग, डग,
रस्त्यानं दूर जाणारी, उतारावर चढता आवाज,
मोबीन आणि मी दोघंही हात थांबवून.
रपट्यापाशी त्यांनी मुद्दाम एक्सिलेटर सोडला.
इथपर्यंत ऐकू आलं:
एकदम खाली उतरलेला आवाज,
आणि त्यानंतर, बराच वेळ,
म्हशीजवळ उभी राहून
डुगडुगणारी गाडी.