नऊ वाजायला चाळीस मिनिटं

आठ वीसला काम संपलं.
असं कधी होत नाही, म्हणून दोनदा तपासलं:
मेल गेली, मॉडेल बंद, इमोजेनचा अंगठाही आला.
तरी मी उठले नाही.

नऊनंतर निघालं की टॅक्सी बँकेची.
कॅनरी वॉर्फच्या एकविसाव्या मजल्यावर
आम्ही सहा जण, सहाही बिझनेस स्कूलचे,
नळाला पाणी यायची वाट बघावी
तसे स्क्रीनसमोर.

सवयीनं गणित मांडलं.
टॅक्सीचे अठरा पौंड, चाळीस मिनिटं,
म्हणजे तासाला सत्तावीस.
ज्या आयुष्यासाठी एमबीएचे हप्ते अजून फेडतेय
ते मी सत्तावीसच्या भावानं
परत विकत होते,
किरकोळीत.

बाबाही बँकेतच होते. बार्शीला, जिल्हा सहकारी.
पाचला शटर अर्धं खाली यायचं
आणि रोजकीर्द जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.
एकदा नऊ रुपयांसाठी साडेनऊ वाजले.
कुणीतरी चौतीसचे त्रेचाळीस लिहिले होते.
चपला काढायच्या आधी, दारातूनच,
"सापडले!"
आईला कळेना, हरवलं काय होतं.

आमच्याकडे नऊ रुपये कधी कमी पडत नाहीत.
आम्ही थांबतो ते
तक्त्यातला निळा जरा अजून निळा हवा म्हणून,
आणि दारातून ओरडून सांगावं
असं काही सापडत नाही.

मेलमध्ये लीड्स पडून आहे.
पेन्शन फंड, पगार जवळजवळ निम्मा,
सव्वापाचला सुटी. शुक्रवारपर्यंत कळवा.
"सव्वापाचनंतर करशील काय?" तोलूनं विचारलं,
वर्गात माझ्या शेजारी बसायची ती.
मी हसले. मग दोन रात्री तोच प्रश्न उशाशी.
पोहता येत नाही. पेटी सहावीत सुटली.
नवऱ्याला, कौस्तुभला, मी रविवारी भेटते,
एरवी तो न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालतो.

मॉडेलमध्ये असं असतं:
पहिली पाच वर्षं बारकाईनं मांडायची,
तिमाही-तिमाही, भांडून भांडून,
आणि सहाव्यापासून पुढचं सगळं
एका चौकोनात:
इथून पुढे हे असंच चालू राहील.
कंपनीची बरीचशी किंमत
त्या एका चौकोनाची असते.

माझं हे पाचवं वर्ष.

नऊ दोनला खाली आले. गाडी दारातच.
मागची सीट ऊबदार, म्हणजे हीटर केव्हाचा चालू.
गिर्माय, अस्माराचा. तिकडे हिशेबनीस होता.
"आठ वीसपासून उभा आहे," म्हणाला,
"नऊला तुम्ही सगळे एकदम उतरता,
जागा धरून ठेवावी लागते."
तुम्ही वर काय करत होता,
असं त्यानं विचारलं नाही.
मीच सांगितलं.

तो इतका हसला
की लाइमहाऊसच्या सिग्नलला मागच्यानं हॉर्न दिला.
मग माइल एंडपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.

पार्काच्या अलीकडे म्हटलं, इथंच सोडा.
"भाडं तेवढंच पडेल."
पडू दे.
कालव्यावर एका बोटीत कुणी कांदा परतत होतं.
चालताना कळलं, या रस्त्याला
पाच वर्षांत मी फक्त काचेतून पाहिलंय.

घरी कौस्तुभ, कानाला न्यूयॉर्क.
मी दारातूनच, बूट काढायच्या आधी,
"सापडले!"
त्यानं माइक बंद केला. "काय?"
"नऊ रुपये."
तो दोन क्षण बघत राहिला
आणि पुन्हा न्यूयॉर्कला गेला.

मी लीड्सची मेल उघडली,
'प्रिय' एवढं लिहिलं
आणि भाताला आधण ठेवायला उठले.