बुडाल्याची नोंद

लँबर्ट हेपल गेला तेव्हा त्याच्या कपाटातून
एकशे चौदा जहाजं निघाली, रंग न लागलेली,
बुटांच्या खोक्यांत, जुन्या वर्तमानपत्रात,
लसणाच्या पाकळ्यांसारखी बिलगून.
आम्हां सगळ्यांच्याच घरी असा शिशाचा ढीग असतो.
पुढच्या हिवाळ्यात रंगवू, म्हणतो आम्ही.
टाइनच्या काठी हिवाळ्यांना तोटा नाही.

नोरीन ती खोकी घेऊन बुधवारी हॉलवर आली.
"किलोवर घेता का?"
कोणी हसलं नाही. डेस्मंडने खुर्ची ओढून दिली.

सहा टेबलं जोडून समुद्र अंथरला होता.
चादरच ती, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग;
त्या डागाला आम्ही उथळ पाणी धरतो.
सुताराची टेप, काजळी लावलेला कापसाचा धूर,
आणि पाच जाडे म्हातारे श्वास रोखून वाकलेले,
कारण एखादी शिंक आली
की आघाडीची विनाशिका उलटते.

मी एकतीस वर्षं खरी जहाजं जोडली, वॉलसेंडच्या गोदीत.
एकही अख्खं पाहिलं नाही.
वेल्डरच्या काचेआड येतं ते फक्त एक वीत पोलाद
आणि निळी ठिणगी.
इथे सबंध जहाज बोटाच्या दोन पेरांवर मावतं,
तोफ म्हणजे तांदळाची कणी.
घरच्यांना हे कधी पटवून देता आलं नाही.

नोरीनने रांगेतली शेवटची विनाशिका उचलली. टर्नस्टोन.
खडे उलटून किडे शोधणाऱ्या पाखराचं नाव.
बाजारात कपबशी पाहावी तशी तिने ती उलटी केली.
तळपट्टीवर लँबर्टचं अक्षर, मुंगीच्या पायांचं:
बुडाली, ९ मार्च. आर्चीचे दोन सहा.
बुडाली, ४ मे. धुकं. चूक माझी.
बुडाली, १८ ऑक्टोबर. नोरीनचं ऑपरेशन. लक्ष नव्हतं.

"त्या दिवशी तो इथे होता?"
चष्मा काढून तिने परत लावला.
"मला म्हणाला, इस्पितळाच्या आवारात फेऱ्या मारत होतो."

आर्ची म्हणजे मी.
डेस्मंडने टेप गुंडाळली, उगाचच परत उलगडली.
मी म्हणालो, बोलावलं नव्हतं गं आम्ही. आला.
हात इतके कापत होते की फासे पेल्यातून बाहेर येईनात.
त्याच्या वतीने मीच टाकत होतो,
आणि त्याच्याविरुद्धही मीच.
पडायचं ते दान पडलं.
मग आठ वाजता इस्पितळातून फोन आला, सगळं नीट आहे म्हणून,
तेव्हा हा माणूस टेबलाखाली बसून रडला.
आम्ही खेळ चालू ठेवला. दुसरं काय करणार?

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आता पाळी कोणाची?"

खोकी तिने परत नेली.
तीन केसांचा कुंचला मी दिला, भिंग डेस्मंडचं.
आमचा राखाडी तिला पसंत पडला नाही.
"हा डबीतला रंग. आपला समुद्र असा कुठे असतो?"
तिने स्वतःचा कालवला:
दोरीवर चार दिवस न वाळलेल्या चादरीचा,
किंचित हिरवट, किंचित कंटाळलेला.
आता तिच्या ताफ्याशेजारी आमची जहाजं
दुकानातून आत्ताच आणल्यासारखी दिसतात.

फेब्रुवारीत ती पहिल्यांदा खेळली.
टर्नस्टोन थेट माझ्या रांगेवर घातली,
वळण नाही, धुराचा पडदा नाही,
नियमांचं पुस्तक मिटलेलं.
मला एकच सहा हवा होता.
आयुष्यात पहिल्यांदा मी फाशाला म्हटलं, नको रे.
त्याने ऐकलं नाही.

तिने कापूस न लावताच ती उचलली, उलटी केली,
पर्समधून पेन काढून काहीतरी लिहिलं.
काय ते दाखवलं नाही.
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

पुढच्या बुधवारी टर्नस्टोन रांगेत होती,
शेवटून दुसरी,
तळ खाली.