कातरण

गेंटच्या हॉस्पिटलातून डबा आला, बर्फात.
आत मूठभर गुलाबी मांस:
चार महिन्यांच्या कुणाचं तरी थायमस,
हृदयापर्यंत पोचताना वाटेतून उचललेलं.
नाव नाही. फक्त वय,
आणि ऑपरेशन थिएटरातल्या गोडेलिव्हच्या तिरप्या अक्षरात
‘सकाळी ९.४०’.

मी पेशी गाळते. कॉफी गार होते.
इथं प्रत्येकीनं आपलंच पुस्तक कातरलंय,
इकडची ओळ तिकडच्या ओळीला डकवलीय,
सांध्यात चार-दोन अक्षरं मनची घुसडलीयत,
आईकडून आली नाहीत, बापाकडूनही नाहीत.
पुष्कळजणींचं वाक्य जुळतच नाही.
जुळलं, तर परीक्षा:
घरच्यांना ओळखतेस? अजिबात नाही? मर.
जरा जास्तच ओळखतेस? तरीही मर.
शंभरातल्या दोन-तीन बाहेर पडतात,
अजून कुणालाच न आलेल्या तापासाठी
तयार.

मला मात्र लळा कातरणाचा.
कापलेला तुकडा आपलीच टोकं जोडून वर्तुळ होतो,
आत पडून राहतो. पेशी दुभंगते, तो दुभंगत नाही.
दोन लेकींतल्या एकीच्याच वाट्याला जातो,
पुढे तिच्याही एकीच्याच.
आईची अंगठी वेर्लेकडे गेली, माझ्या बहिणीकडे.
मी काही बोलले नव्हते.

चारच्या सुमारास गोडेलिव्हचा फोन:
“जागं झालं पोर. काय रडतंय!”
लेइ नदीवर पातळ बर्फ, त्यावर एक बदक घसरतंय.
मी हातमोजे बदलते
आणि वर्तुळं मोजायला बसते.